नोकरी सोडण्याआधी गोठ्याचा हिशेब मांडा

परवा एका वस्तीवर गेलो होतो. पोरगा साखर कारखान्यात कायम, पण मन गोठ्यात. म्हणाला, "साहेब, नोकरी सोडून 10 गाई घेतो." मी विचारलं, "वैरण किती गुंठे आहे?" गडी गप्प!

आपण हिशेब धरतो तो गाय भरात असतानाचा. पण विण्याआधी 2 महिने तिला आटवावीच लागते. तेव्हा डेअरीचा पगार बंद, दावण मात्र रोज भरायची. 10 लिटरच्या संकरित गाईला 5-6 किलो खुराक, 20-25 किलो हिरवी वैरण, शिवाय कडबा लागतो. सगळंच विकत आणलं तर उरतं काय? त्यात 2022 ची लम्पी आठवा.

त्याला म्हटलं, नोकरी असू दे. पाण्याखालचे 10-15 गुंठे नेपियर लाव, मग दोनच गाई घे. एक वेत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष, पै-पैचा खर्च वहीत लिही. तू पाळीवर असताना धारा आई काढणार ना? मग तिची मजुरीही धर.

आई लगेच म्हणाली, "साहेब, हे आधी लिहा!"

नेपियरची कांडी पुढच्या आठवड्यात न्यायला येतोय.