गाडी चकाचक, पण इंजिन उकळतंय? जुन्या एमजीबीचा ताप असा उतरवा

आपल्या कोकणातल्या अनेक मुस्लिम कुटुंबांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. माझे एक मामेभाऊ बर्मिंगहॅमला असतात. चार वर्षं सुट्टीचे दिवस खर्च करून त्यांनी १९६५ ची एक एमजीबी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी केली. नवा रंग, नव्या सीट, नवं क्रोम. पण सिग्नलला थांबली की दहा मिनिटांत काटा गरम बाजूला आणि बॉनेटमधून वाफ! नवा रेडिएटर आणला, नवा थर्मोस्टॅट आणला, फरक शून्य. शेवटी फोनवर म्हणाले, "आता विकूनच टाकतो."

मी म्हटलं, "भाई, थांबा. पार्ट बदलण्याआधी गाडी कधी गरम होते ते बघा." मी काही गॅरेजवाला उस्ताद नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. पण हा प्रश्न विज्ञानाचाच आहे.

ही गाडी कोणती?

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे आजही हौशी लोक त्या दुरुस्त करून चालवतात. १७९८ सीसीचं इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे. लोखंड आणि पाणी पन्नास-साठ वर्षं एकत्र राहिले की आत काय साचणार, हे सांगायला नको.

आधी खात्री करा

गाडी खरंच गरम होते की मीटर खोटं बोलतोय? इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरून बघा. त्यातला थर्मोस्टॅट साधारण ८२ अंश सेल्सिअसला उघडतो. काटा ८५ ते ९५ मध्ये राहत असेल तर घाबरायचं कारण नाही.

आणि एक ताकीद: गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. झाकण पाणी दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून १०० अंशांच्या वरही ते उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, त्याच क्षणी पाणी उकळून अंगावर उडतं. हात, चेहरा भाजतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

कधी गरम होते, त्यात अर्धं उत्तर

ट्रॅफिकमध्ये गरम, पण मोकळ्या रस्त्यावर ठीक, तर दोष बहुतेक हवेचा. गाडी धावताना हवा आपोआप मिळते. उभी असताना सगळी जबाबदारी पंख्यावर. पंखा, फॅनबेल्टचा ताण (बोटाने दाबल्यावर साधारण १३ मिलिमीटर दबला पाहिजे) आणि रेडिएटरभोवतीच्या फटी बघा.

वेगात किंवा चढावर गरम, तर दोष पाण्याच्या फिरण्याचा किंवा जळणाचा. तुंबलेला रेडिएटर, आत गाळ, पंपाच्या ओढीने चपटा होणारा खालचा होजपाईप, उशिरा पडणारी ठिणगी, किंवा कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त. यातलं काहीही असू शकतं.

पाणी सतत कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, तेल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशी गाडी रेटू नका, हेड वाकलं किंवा तडकलं तर खर्च कितीतरी वाढतो.

भाईंच्या गाडीत काय निघालं?

त्यांची गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होत होती, म्हणून आधी पंखा. त्यांनी रेडिएटरच्या पुढे नवा इलेक्ट्रिक पंखा बसवला होता. मी सांगितलं, "पंखा चालू करून जाळीसमोर कागद धरा." कागद आत ओढला जायला हवा होता, तो बाहेर उडाला! पंखा उलटा फिरत होता.

कारण गमतीशीर आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. भाईंनी नेहमीसारखी काळी वायर बॉडीला आणि लाल वायर स्विचला जोडली होती. वायरी अदलाबदल केल्या आणि ट्रॅफिकमधला ताप उतरला.

पण मोटरवेच्या चढावर काटा अजून वर जात होता. म्हणजे दुसरा दोष शिल्लक होता. इंजिनच्या ब्लॉकला मागच्या बाजूला पाणी काढायचा नळ असतो. तो उघडला तर थेंबही येईना. नळ काढून तारेने खरवडलं, तेव्हा गंजाचा तपकिरी चिखल बाहेर आला. हा गाळ शेवटच्या सिलिंडरभोवती साचतो आणि तिथलं पाणी फिरतच नाही. नवा रेडिएटर त्याला काय करणार? स्वच्छ पाणी येईपर्यंत ब्लॉक उलटसुलट धुतला, मग जुन्या इंजिनांना चालणारं निळं अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं पाण्यात मिसळून भरलं. आता काटा जागचा हलत नाही, अलहम्दुलिल्लाह.

लक्षात ठेवा

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग गाडी चालवून बघा. सगळं एकदम बदललं तर खरा दोष कळतच नाही. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला ऐकू नका. इंजिन थंड राहून झिजतं आणि मूळ आजार झाकला जातो. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो पातेल्यात गरम पाण्यात टाकून, शेजारी थर्मामीटर धरून कधी उघडतो ते बघा.

भाईंनी नव्या पार्टवर बरेच पाउंड घातले, आणि इलाज निघाला एका कागदाचा नि एका तारेचा. गरज न पाहता खर्च करणं म्हणजे इस्राफच. आधी तपासा, मगच पैसे मोजा.