सुरीच्या मुठीपुढे गार्ड का असतो? त्याचं माप कसं ठरतं?

हात ओला असताना सुरीचं टोक एखाद्या हाडावर अडलं, तर पातं थांबतं. हात मात्र थांबत नाही. तो घसरत थेट धारेवर जातो. हाच धोका टाळण्यासाठी मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसवलेली आडवी पट्टी म्हणजे गार्ड!

मग गार्ड जितका मोठा तितका चांगला का? तर नाही. पाटावर भाजी चिरताना मोठा गार्ड आधी पाटाला टेकेल आणि धार वरच राहील. म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीला तो नसतो. लाकूड तासायला वापरल्या जाणाऱ्या फिनलंडच्या पारंपरिक 'पुक्को' सुरीलाही तो सहसा नसतो. याउलट अमेरिकेच्या प्रसिद्ध 'बोवी' सुरीला अनेकदा दोन्ही बाजूंना गार्ड असतो.

हाताने सुरी बनवणाऱ्यांसाठी सोपा उपाय म्हणजे आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून मुठीवर धरून पाहणे. खालची बाजू तर्जनी अडेल इतकीच पुढे हवी. वरची बाजू अंगठ्याला टोचता कामा नये, कोपरेही गोल हवेत. पितळ पोलादापेक्षा जड असतं, त्यामुळे जाड पितळी गार्डने सुरीचा तोल बदलतो. गार्डमधली खाच कानशीने थोडी थोडी घासत पात्याला घट्ट बसेल अशी करावी. फट राहिली तर ओलावा शिरतो आणि आतून गंज धरतो.

थोडक्यात, ज्याने बोट अडतं पण काम अडत नाही, तोच गार्ड प्रमाणबद्ध!