आंघोळ आधी, घास शेवटी

आंघोळीला आपण एक काम म्हणतो, पण नीट पाहिलं तर ती कामांची अख्खी माळ आहे. पाणी किती कढत आहे ते अजमावायचं, ओल्या फरशीवर तोल धरायचा, भरलेला तांब्या खांद्यापर्यंत न्यायचा, पायाच्या बोटांपर्यंत वाकायचं. यातला एखादाच मणी निखळला, तरी आंघोळ अडते! म्हणून आजीची तब्येत पाहणारे जाणकार रक्तदाबाच्या बरोबरीने आंघोळीचीही चौकशी करतात.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या बेंजामिन रोझ हॉस्पिटलात सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांकडे बारकाईने पाहत होते. १९६३ साली त्यांनी सहा कामांची मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. थक्क करतो तो यातला क्रम. बरं होताना माणूस आधी हाताने जेवू लागतो, ताबा परत येतो; मग उठणं-बसणं आणि शौचाला जाणं; कपडे आणि आंघोळ सगळ्यात शेवटी. लहान मूलही साधारण याच वाटेने मोठं होतं. आणि उतारवयात तीच वाट बहुधा उलटी चालली जाते: आंघोळ आधी सुटते, घास शेवटी.

या मोजणीत गंमतही आहे. जेवण म्हणजे ताटातला घास तोंडापर्यंत नेणं. रांधलं कुणी, याला महत्त्व नाही. बुटाची नाडी दुसऱ्याने बांधली तरी चालतं. पण "करता येतं, करत नाही" असं असेल, तर ते काम येत नाही असंच धरतात. लाडाने आजोबांना रोज सदरा घालून देणाऱ्या घरांनी हे जरूर वाचावं.

पुढे १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी या अभ्यासकांनी फोन, बाजारहाट, औषधं, पैशांचा व्यवहार अशी आठ अवघड कामं मोजली. त्यात स्वयंपाक, घरकाम आणि धुणं पुरुषांना विचारायचंच नाही, असा त्या काळचा रिवाज. म्हणजे बायकांना आठ गुणांचा पेपर, पुरुषांना पाचाचा!

पण बुद्धी शाबूत आहे का हे ताडायला हा पेपर हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत कसा चालावा? निरक्षर म्हातारा, घरात फोन नाही, बाजार मुलगा करतो. त्याने फोन केला नाही, यावरून त्याच्या बुद्धीबद्दल काहीच कळत नाही. म्हणून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या मोजपट्टीत घरच्यांना वेगळंच विचारलं गेलं: गावात ते वाट चुकतात का? घरात लग्न ठरत असेल, तर आपलं मत देतात का?