आधी नळ, मग कारंजं

सकाळचे साडेसात. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कचा चौक कधीचाच गजबजलाय. वर मेट्रो-९ चा मार्ग, त्याखाली प्लेझंट पार्ककडून येणारा उड्डाणपूल आणि सगळ्यात खाली रिक्षा, परिवहनच्या बसगाड्या, दप्तरं सावरत धावणारी पोरं. आतल्या गल्लीत वळल्यावर हॉर्न मागे पडतात आणि पत्र्याचं कुंपण दिसतं. उद्यानाचं नूतनीकरण चालू आहे.

अर्धं उद्यान बंद आहे, अर्धं खुलं. माणसं मात्र तेवढीच. चालणारे एकमेकांचा खांदा चुकवत फेऱ्या मारताहेत, एका बाकावर पेव्हर ब्लॉकची थप्पी लागलीय, दुसऱ्यावर चार आज्या दाटीवाटीने बसल्या आहेत. गप्पा मराठीत सुरू होतात, गुजरातीत शिरतात आणि हिंदीत संपतात.

त्यांतली एक आजी उठते, पदर सावरत रखवालदाराला हळूच विचारते, "दादा, बाथरूम कुठंय?"

"तोडलंय, आजी. नवीन बांधतायत."

आजी काही बोलत नाही. सोबतिणीला खूण करते आणि दोघी फाटकाकडे निघतात. "मला शुगर आहे गं, थांबवत नाही," एवढंच जाताना कानावर येतं. तिचा फिरण्याचा वेळ आज इथेच संपला. पलीकडे रेतीची घमेली वाहणाऱ्या तीन बायका आहेत. त्या दिवसभर इथेच असणार. त्यांचं घर जवळ नाही. त्या कुठे जातात, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही. पत्र्याआडचा कोपरा आणि त्यांनी बांधलेला चादरीचा आडोसा दिसतोच आहे. महाराष्ट्रात स्त्रियांनी २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून चळवळ चालवली. तिची मागणी याहून वेगळी काय होती?

नळ मात्र चालू आहे, आणि त्यानेच सकाळ तारून नेली आहे. गवंडी बादली भरतो, सफाई कामगार मावशी हात धुते, क्रिकेटची पोरं ओंजळीने पाणी पितात. बाहेर घंटागाडी येते. मावशी पाचोळ्याची गोणी ओढत निघते; फाटकात खडीचा ढीग आहे, त्याला वळसा घालताना तिचा पाय घसरतो, पण ती सावरते. मला त्या ढिगाचीच धास्ती वाटते. इथे चालता चालता कुणाच्या छातीत कळ आली आणि १०८ ला फोन लावला, तर रुग्णवाहिका येईलही. स्ट्रेचर आत कुठून न्यायचं?

एक तरुण आजोबांची व्हीलचेअर घेऊन येतो. नव्या पायऱ्यांशेजारी उतार बांधलाय, पण चढ उभा आहे. सुगम्यतेचं प्रमाण एकास बारा: चढायची उंची एक फूट असेल, तर उताराची लांबी बारा फूट हवी. हा जेमतेम पाच फुटांचा. एक गवंडी थापी खाली ठेवून धावत येतो, "रुको बाबूजी," म्हणतो आणि दोघं मिळून खुर्ची वर चढवतात. माणुसकीने ती चढली. उद्या हा गवंडी दुसऱ्या कामावर असेल.

मधल्या झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या बाबतीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. इथे वीतभरही नाही. हे काँक्रीट अजून ओलं आहे, आजच काढता येईल.

कुंपणावर नव्या उद्यानाचं रंगीत चित्र लावलंय. त्यात कारंजं आहे, सेल्फीसाठी कमान आहे, हिरवळ आहे. शौचालय मला त्यात सापडत नाही.

उद्यानं, बागा, क्रीडांगणं यांसारख्या नागरी सोयी पुरवणं हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथे आला. घटनेने बागेला सोय म्हटलं आहे. सोय ठरते ती नळाने, शौचालयाने, उताराने आणि मोकळ्या फाटकाने. कारंजं थोडं उशिरा उडालं तरी चालेल.

म्हणून उद्यानाचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती: जुनं शौचालय पाडण्याआधी फिरतं शौचालय आणून उभं करा, मजूर बायकांसाठीही. आणि फलकावर काम पूर्ण होण्याच्या तारखेशेजारी नवं शौचालय खुलं होण्याची तारीखही लिहा.