पोटाचे टाके आणि अफूचा चीक

पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्जन राउंडला येतात, फाईल चाळतात, पोटावर हात ठेवतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "काका, गॅस पास झाला का?" भरल्या वॉर्डात हे ऐकून नव्या नातेवाइकांना हसू फुटतं. काकांना हसणं परवडत नाही, हसलं की टाके ओढतात. सर्जनच्या लेखी मात्र हा प्रश्न लाखमोलाचा. वायू सरला म्हणजे आतडी कामाला लागली, आता पाणी, मग पेज, मग घर.

"खोकता येतंय का?" हा प्रश्न त्या मानाने कमी ऐकू येतो. आणि दुखण्याबद्दल विचारलंच, तर त्याचं उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच तयार असतं. ऑपरेशन झालंय, दुखणारच. सिस्टर तेच म्हणतात, शेजारच्या खाटेवरचे आजोबा तेच म्हणतात, भेटायला आलेली आत्याही तेच म्हणते. या 'दुखणारच'ची किंमत आपले रुग्ण फुफ्फुसांनी मोजतात. ते दुखणं आटोक्यात आणणारं सर्वांत जुनं औषध आपल्याच देशाच्या मातीत उगवतं, तरी आपल्या वॉर्डात ते क्वचित पोचतं.

आधी दुखतं कुठे ते पाहू. छातीच्या खालच्या भागातून निघालेल्या नसा पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमधून वळसा घेत पुढे बेंबीकडे येतात. पोटावरची चीर कातडीबरोबर या सगळ्या थरांमधून जाते. हाताला टाके पडले तर हात गळ्यात बांधून ठेवता येतो. पोटाची ती सोय नाही, श्वास घ्यायचा तर पोट हलणारच. चीर बरगड्यांच्या जवळ, वरच्या पोटात असेल तर प्रत्येक श्वास टाके ओढतो. मग माणूस नकळत उथळ श्वास घेऊ लागतो. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरतो, अर्धाच खोकतो आणि उरलेला गिळतो. कफ आत राहतो, फुफ्फुसांचा तळाचा भाग मिटत जातो आणि दोन-चार दिवसांत ताप चढतो. अंथरुणातून न उठल्याने पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वेगळीच. वयस्कर माणसाची नाडी आणि रक्तदाब दुखण्याने वाढलेले असतात, त्याचा भार हृदयावर पडतो. ऑपरेशन उत्तम झालं, पण न्यूमोनियाने घोटाळा केला, असं आपण ऐकतो. त्यामागे पुष्कळदा पुरेसं न शमलेलं दुखणं असतं.

आता औषधाकडे. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच आणि राजस्थानातल्या चितोडगड-प्रतापगड या पट्ट्यात थंडी ओसरताना खसखशीची बोंडं भरतात. सरकारी परवाना असलेला शेतकरी दुपारनंतर बोंडावर बारीक चिरे देतो. रात्रभरात पांढरा चीक पाझरून तपकिरी होतो, सकाळी तो खरवडून गोळा करायचा. हीच अफू, आणि तिच्यात साधारण दहा टक्के मॉर्फिन असतं. ती सगळी सरकारच्याच ताब्यात द्यावी लागते. गाझीपूरचा सरकारी अफू कारखाना १८२० पासूनचा, नीमचला दुसरा. औषधासाठी अफूचा चीक काढून तो कायदेशीरपणे निर्यात करणारा भारत हा जगातला एकमेव देश आहे. ऑस्ट्रेलियासारखे देशही हे पीक घेतात, पण ते चीक न काढता वाळलेल्या बोंडांपासूनच मॉर्फिन मिळवतात.

अफूतून मॉर्फिन पहिल्यांदा वेगळं केलं ते जर्मनीतल्या पाडेरबोर्नच्या एका औषधालयात उमेदवारी करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नरने, १८०५ च्या सुमारास. तेव्हा त्याचं वय विशी-बाविशीचं. पुढे त्याने हा पदार्थ स्वतः घेतला आणि तीन तरुणांनाही दिला. थोड्याच वेळात मात्रा इतकी वाढवली की सगळ्यांना व्हिनेगर पिऊन ओकावं लागलं. आजच्या कोणत्याही एथिक्स कमिटीने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण मॉर्फिन मोजून देता येतं, हा त्याच्या शोधाचा गाभा आजही खरा आहे. कच्च्या अफूत औषध किती हे कुणालाच सांगता येत नसे. आता नेमक्या वजनात सांगता आलं. १८५३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडने पोकळ सुईतून औषध कातडीखाली टोचायला सुरुवात केली आणि मॉर्फिनला वाट मिळाली.

मुंबईचा या मालाशी संबंध जुना आणि फारसा मिरवण्याजोगा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या आणि कापसाच्या व्यापारातून गब्बर झालेल्यांत सर जमशेटजी जिजीभॉय हे मोठं नाव. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं. म्हणजे मुंबईतल्या आधुनिक शल्यचिकित्सेच्या पायात अफूचा पैसा आहे. पुढे याच मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया पाळीला निघण्याआधी तान्ह्यांना अफू घातलेली बाळगोळी देत. अफू म्हणजे गुंगी आणि व्यसन, हे समीकरण आपल्या मनात अशा रस्त्याने पक्कं झालं. ते निराधार नव्हतं.

मॉर्फिन शरीरात करतं काय, हे समजायला मात्र १९७३ उजाडावं लागलं. बाल्टिमोरला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूजन्य औषधं जिथे जाऊन बसतात त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, दाखवून दिले. दोन वर्षांनी ॲबर्डीनच्या जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच तयार करत असलेली अफूसारखी द्रव्यं शोधली. या जागा मेंदूत आणि पाठीच्या कण्यात जशा आहेत, तशाच आतड्याच्या भिंतीतही भरपूर आहेत. पोटाच्या ऑपरेशनची खरी गोची इथे आहे. जे औषध दुखणं शांत करतं, तेच आतड्यांना पेंगुळतं ठेवतं. ऑपरेशनने आतडी आधीच दोन-तीन दिवस संपावर गेलेली असतात, त्यात मॉर्फिनची भर. पोट फुगतं, उलटी होते, गॅस सरत नाही. सर्जनचा तो प्रश्न आणि रुग्णाचं ते दुखणं एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. शिवाय खाज, लघवी अडणं, आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे श्वास मंदावणं. माणूस आधी जास्त झोपाळू होतो, मग श्वासांची संख्या घटते. म्हणून मॉर्फिन दिलेल्या रुग्णाची गुंगी आणि मिनिटाचे श्वास मोजत राहावे लागतात. नालोक्सोन हा उतारा हाताशी असावा लागतो आणि मोजणारी सिस्टर वॉर्डात असावी लागते. चाळीस खाटांना दोन सिस्टर असतील, तर डॉक्टर मॉर्फिन लिहायला का कचरतात हेही समजून घेतलं पाहिजे.

दुसरा अडथळा कायद्याचा. अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा तस्करांसाठी केला होता, पण त्याच्या जाळ्यात दवाखाने अडकले. मॉर्फिन ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागत. एकाची मुदत दुसरा हाती येईपर्यंत संपे, आणि नोंदीतली चूकही गुन्हा ठरू शकेल ही भीती डोक्यावर असे. बहुतेकांनी नाद सोडला. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळजवळ ९७ टक्क्यांनी घसरला. शेतात पीक डोलत होतं आणि वॉर्डात औषध नव्हतं. केरळचे भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा सुधारला. मॉर्फिन, फेंटानिल यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता मिळवली की रुग्णालयाचं काम भागेल अशी सोय झाली. ही लढाई मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी होती, पण फायदा ऑपरेशनवाल्यांनाही व्हायला हरकत नाही.

झाला का? मोठ्या रुग्णालयांत झाला. तिथे मॉर्फिनचं कपाट दुहेरी कुलपाचं असतं. दहा मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं तीन दिलं तर उरलेलं सात साक्षीदारासमोर फेकायचं. रुग्णाचं नाव, मात्रा, वेळ, फेकलेलं किती आणि सह्या हे सगळं रजिस्टरमध्ये भरायचं, रिकामी अँप्यूलही परत द्यायची. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये हा व्याप कोण करणार? तिथे फोर्टविन-फेनर्गन ही जुनी जोडगोळी चालते, नाहीतर ट्रॅमाडॉल. फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन. ते मिळवायला सोपं, पण एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवून उपयोग होत नाही आणि काहींना त्याने भलतेसलते भास होतात. ट्रॅमाडॉलने मळमळ फार. २०१८ मध्ये तेही एनडीपीएसच्या कक्षेत आलं.

कुणी म्हणेल, बरंच झालं, अमेरिकेचं काय झालं पाहा. जरूर पाहावं. तिथे नव्वदीच्या दशकात दुखण्याला नाडी-तापाच्या रांगेत पाचवी खूण म्हणून बसवलं. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं आणि साध्या ऑपरेशननंतरही लोक गोळ्यांच्या भरल्या बाटल्या घेऊन घरी जाऊ लागले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका मोठ्या पाहणीत, पूर्वी ही औषधं न घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक ऑपरेशननंतर तीन महिने उलटले तरी ती घेत होते, आणि ऑपरेशन लहान की मोठं याने त्यात फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे गोळ्या चालू राहण्याचं कारण जखमेचा आकार हे नव्हतं. तंबाखू, दारू, आधीपासूनचं नैराश्य आणि इतर जुनी दुखणी असलेल्यांत ते प्रमाण जास्त होतं. यातून घरी नेण्याच्या गोळ्यांबद्दल सावध व्हावं, एवढं मला पटतं. पण भूल उतरल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनवर त्याचं खापर फोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. अमेरिकेत औषधाचा पूर आला होता. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या हिशेबानुसार आपल्याकडे गरजेच्या जेमतेम ४ टक्के औषध पोचत होतं. पुरावरचा उपाय दुष्काळात कशाला?

दुखणं शमवायचं की आतडी हलती ठेवायची, या कोंडीतून वाट काढली ती कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट या सर्जनने. नव्वदीच्या दशकात त्याने विचारलं की ऑपरेशन नीट झालेला माणूस आठवडाभर खाटेवर का पडून राहतो? त्याचं उत्तर होतं एकाच औषधावर सगळा भार न टाकणं. पॅरासिटामॉल वेळेवर, दुखेल तेव्हा नव्हे. किडनी आणि जठर ठीक असेल तर सूज उतरवणारी औषधं. कण्याजवळ बारीक नळी घालून एपिड्युरल, किंवा पोटाच्या स्नायूंच्या त्या दोन थरांमध्ये सोनोग्राफीवर बघत बधिर करणारं औषध. आणि या सगळ्यावरही जे उरेल, त्या उरलेल्यासाठी मॉर्फिन. असं केलं की मॉर्फिन थोडक्यात भागतं, आतडी लवकर हलतात, रुग्ण त्याच संध्याकाळी खाली पाय सोडून बसतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनी हे आणखी सोपं केलं. भारतात पित्ताशय दुर्बिणीतून पहिल्यांदा काढलं डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये, त्याच जे. जे. रुग्णालयात. तरी फाटलेलं आतडं, अडकलेला हर्निया, अपघात यांसाठी पोट उघडावंच लागतं, आणि तिथे मॉर्फिनला अजून तोड नाही.

रुग्णाच्याच हाती बटण देणारा पंपही आता मोठ्या रुग्णालयांत दिसतो. बटण दाबलं की एखादा मिलिग्रॅम मॉर्फिन शिरेत जातं, मग काही मिनिटं कितीही दाबलं तरी जात नाही. खरी सुरक्षितता अशी की गुंगी चढलेला माणूस बटण दाबत नाही. आपल्याकडे मात्र "बाबा झोपलेत, मीच दाबते" म्हणणारी प्रेमळ सून असते. ते बटण नातेवाइकांनी दाबायचं नसतं, कधीच नाही.

आपल्याकडे पोटावर होणाऱ्या शस्त्रक्रियांत सर्वांत जास्त संख्या असते ती सिझेरियनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २१ या काळात देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. इतर रुग्ण पडून राहू शकतात, बाळंतिणीला काही तासांत बाळ छातीशी घ्यायचं असतं, कुशीवर वळायचं असतं. पाठीत जे इंजेक्शन देतात, त्यातच मॉर्फिनचा शंभर-दीडशे मायक्रोग्रॅम इतका कण मिसळला तर पुढचा जवळपास दिवसभर दुखणं पुष्कळ कमी राहतं. थोडी खाज सुटते, श्वासावर लक्ष ठेवावं लागतं, पण खर्च किरकोळ. आड येते ती रजिस्टरची कटकट, रात्रीची अपुरी देखरेख, आणि बाईने एवढं सोसायचंच असतं हा आपला जुना समज. आपल्या आजीने सोसलं, हे सुनेचं दुखणं दाबून ठेवायला पुरेसं कारण नाही.

तेव्हा घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, तर सर्जनइतकंच भूलतज्ज्ञांशीही आधी बोला. नंतरच्या दोन दिवसांत दुखण्यासाठी काय देणार, रात्री कोण बघणार, मॉर्फिन उपलब्ध आहे का, हे मोकळेपणाने विचारा. दारूची सवय, घोरणं, झोपेत श्वास अडणं, झोपेच्या गोळ्या, किडनीचा त्रास यांतलं काही असेल तर लपवू नका. ऑपरेशननंतर दुखणं किती हे सांगताना 'बरं आहे' म्हणू नका. खोल श्वास घेता येतो का, खोकता येतं का, उठून बसता येतं का, ते सांगा. मळमळ, बद्धकोष्ठता आणि अति झोपही सांगा. घरी दिलेल्या गोळ्या ठरल्या दिवसांपलीकडे घेऊ नका आणि उरलेल्या शेजाऱ्याच्या कंबरदुखीला देऊ नका. आणि टाक्यांचं दुखणं दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत चाललं, पोट फुगलं किंवा ताप आला, तर जास्त ताकदीची गोळी न मागता डॉक्टरांना पोट पुन्हा तपासायला लावा.