काटोलचा दगड आणि इरॉसभोवतीचे यान

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात मोठा आवाज झाला आणि आकाशातून दगड पडले. तपासणीत ते ‘साधे कॉन्ड्राइट’ या वर्गातील अशनी ठरले. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी बहुसंख्य याच वर्गातले असतात.

असे दगड घरपोच मिळत असताना लघुग्रहाकडे यान पाठवायचे कशाला, असे एखादा विद्यार्थी विचारतोच, आणि त्याचे विचारणे रास्त आहे. अडचण एवढीच, की दगडावर पत्ता नसतो. दुर्बिणीतून पाहिलेल्या खडकाळ लघुग्रहांचा प्रकाश या अशनींशी नीट जुळत नव्हता. तो अधिक तांबूस दिसे. मग इतके अशनी येतात कोठून? हे कोडे कित्येक वर्षे सुटले नव्हते.

अमेरिकेचे निअर शूमेकर हे यान १९९६ साली इरॉस या सुमारे ३४ किलोमीटर लांबीच्या लघुग्रहाकडे निघाले. डिसेंबर १९९८ मध्ये इंजिन ऐन वेळी बंद पडले, इरॉस मागे राहिला आणि यानाला सूर्याभोवती फिरून परत यावे लागले. अखेर १४ फेब्रुवारी २००० रोजी ते इरॉसच्या कक्षेत शिरले. लघुग्रहाभोवती फिरणारे हे पहिलेच यान.

नुसते जवळून जाण्यापेक्षा भोवती फिरण्यात मोठा लाभ आहे: लघुग्रहाचे वजन करता येते. इरॉसच्या केंद्रापासून ५० किलोमीटरवर यानाचा वेग सेकंदाला जेमतेम ३ मीटर होता, म्हणजे आपल्या सायकलीइतका! हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक. उत्तर येते ६७ वर चौदा शून्ये, इतके किलोग्रॅम. छायाचित्रांवरून आकारमान निघाले सुमारे २,५०० घन किलोमीटर. भागाकार केला की घनता येते पाण्याच्या सुमारे २.७ पट. काटोलसारख्या दगडाची घनता मात्र ३.३ च्या आसपास असते. तेव्हा इरॉस याच द्रव्याचा असेल, तर त्याच्या पोटात भेगा आणि पोकळ्या असल्या पाहिजेत.

द्रव्य तेच आहे का, हे क्ष-किरणांनी सांगितले. सूर्याचे क्ष-किरण पृष्ठभागावर पडले की तेथील मूलद्रव्ये आपापले ठराविक क्ष-किरण बाहेर टाकतात. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांची प्रमाणे कॉन्ड्राइटशी जुळली. गंधक तेवढे कमी भरले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी यान इरॉसवर हलकेच उतरवले गेले. ते उतरण्यासाठी बांधलेलेच नव्हते, तरी पुढे दोन आठवडे काम करीत राहिले.

पक्का पुरावा जपानच्या हायाबुसा यानाने दिला. २०१० साली त्याने इटोकावा लघुग्रहावरचे धूलिकण पृथ्वीवर आणले. ते काटोलच्याच वर्गातले, फक्त लोह थोडे कमी असलेल्या गटाचे निघाले. तांबूस रंग हा सौरवाऱ्याच्या आणि सूक्ष्म कणांच्या माऱ्याने पृष्ठभागावर चढलेला पातळ लेप, हेही त्यांवरून दिसले.

काटोलचा दगड मात्र इरॉसचाही नव्हे आणि इटोकावाचाही नव्हे. २०२१ साली त्यात ब्रिजमनाइट हे खनिज आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पृथ्वीवर ते सुमारे ६६० किलोमीटरपेक्षा अधिक खोलीवर असते. एका लहान लघुग्रहाच्या पोटात इतका दाब कोठून येणार? तो एखाद्या प्रचंड टकरीतच निर्माण झाला असला पाहिजे. ती टक्कर झालेल्या मूळ लघुग्रहाचे अवशेष म्हणून २०२४ साली शास्त्रज्ञांनी मसालिया या लघुग्रहकुटुंबाकडे बोट दाखवले आहे. तेथे अद्याप कोणतेही यान फिरलेले नाही.