बालपणीच्या जखमा आणि योग्य आधार



बालपणी ज्या व्यक्तीने घरात दारू, मारझोड किंवा सततचा अपमान सोसला, ती पुढे पन्नाशी गाठते, संसार सावरते, धर्मग्रामाच्या कार्यात पुढे असते. तरीही दिवंगत वडिलांविषयीचा राग तिच्या मनातून जात नाही. मग दर उपवासकाळात ती हा राग पाप म्हणून निवेदन करते. पापक्षमा मिळते, मन काही दिवस हलके होते आणि राग पुन्हा परततो. आपलीच श्रद्धा कमी पडते, असा निष्कर्ष ती काढते. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

प्रायश्चित्त संस्कार आपण केलेल्या पापांसाठी आहे. आपल्यावर जे लादले गेले, त्याचा दोष आपला नसतो. लहान मुलाचा तर मुळीच नसतो. आईवडिलांचा मान राखण्याविषयीची चौथी आज्ञा आठवून अनेक जण घरातील अन्यायाविषयी बोलण्यासच कचरतात. परंतु घडलेले सत्य विश्वासू माणसास सांगणे म्हणजे आईवडिलांचा अवमान नव्हे. क्षमेबाबतही असाच गैरसमज आढळतो. दुखावले गेल्याची वेदना न जाणवणे किंवा ती विसरणे आपल्या हाती नसते, हे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २८४३ व्या परिच्छेदात स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

मग जावे कोणाकडे? प्रथम धर्मगुरूंकडे जाणे योग्यच. मात्र पापनिवेदनाच्या बाहेर. धर्मनियम ९८३ अन्वये संस्काराची गुप्तता अभंग असल्याने तेथे ऐकलेला विषय फादर स्वतःहून पुन्हा काढू शकत नाहीत. तोच विषय वेळ मागून, निवांत बसून सांगितल्यास ते पुढचा मार्ग सुचवू शकतात आणि नंतर विचारपूसही करू शकतात.

मन मोकळे करण्यास प्रशिक्षित समुपदेशक पुष्कळदा पुरेसा ठरतो. दुःस्वप्ने, अकारण भीती, प्रत्येक नात्यात तीच तेढ, हे वर्षानुवर्षे टिकले तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची गरज असते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. झोप-भूक उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे विनाविलंब जावे. आरोग्यदान प्रार्थनासभेने धीर मिळतो, ह्यात शंका नाही. मात्र तेथे कोणी औषधे बंद करण्यास सांगितले, तर ऐकू नये. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींच्या ग्रंथात सांगितले, की वयाच्या ४२ व्या वर्षी ते सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका ज्यू महिला मनोविश्लेषकाकडे जात असत. 'लोक काय म्हणतील' ह्या आपल्याकडील भीतीला मला तरी ह्याहून चांगले उत्तर सुचत नाही.

लैंगिक अत्याचाराचा प्रश्न वेगळा आहे. आज एखाद्या बालकावर तो होत असल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटविणे हा गुन्हा ठरतो. आरोप धर्मगुरूवर असल्यास धर्मप्रांतात तक्रारीची व्यवस्था असलीच पाहिजे, असा पोप फ्रान्सिस ह्यांचा २०१९ सालचा आदेश आहे. धर्मप्रांताकडे केलेली तक्रार पोलिसांतील तक्रारीची जागा घेत नाही.

आणखी एक. पहिल्याच समुपदेशकाशी सूर जुळेल असे नाही. काही भेटींनंतरही बोलणे जड वाटत असेल, तर दुसरा शोधावा. त्यात कोणाचा अपमान नाही.